खेळाची घडण कीं कल्पनेची मोहिनी?

(नभोवाणीवरील भाषण)

कोणतीही कलाकृति दीर्घकाळ टिकली म्हणजे ती कशामुळें टिकली, हा प्रश्न चिकित्सक मनांत उभा राहतोच. संगीत नाटक टिकलें तें कथानकामुळें कीं पदांमुळें, हा वाद आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तसाच एक वाद मी आज आपल्यापुढें मांडणार आहें. मात्र तो एका अगदीं नव्या कलेविषयीं आहे. पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा, म्हणजे ज्यांना सर्वत्र व्हिडिओ गेम म्हणतात त्यांचा, इतिहास अवघ्या अर्ध्या शतकाहून थोडा अधिक. तरीही तेवढ्या अवधींत कांहीं खेळमालिका चाळीस-चाळीस वर्षें चालू राहिल्या आहेत. यंत्रें बदललीं, खेळणारीं मुलें आईबाप झालीं, आणि त्यांचीं मुलें त्याच नायकाच्या नव्या पराक्रमांत रंगून गेलीं. हें दीर्घायुष्य कशाचें फळ समजावयाचें?

वाद नीट चालावा म्हणून दोन शब्दांचे अर्थ आधीं निश्चित करूं. खेळाची घडण म्हणजे त्याचे नियम, बोट आणि पडद्यावरील आकृति यांमधील नातें, अडचणी कोणत्या क्रमानें वाढतात ती योजना, आणि यश मिळालें तें आपल्या कसबानेंच मिळालें अशी खेळणाऱ्याची होणारी खात्री. कल्पनेची मोहिनी म्हणजे त्या खेळांतील जग, पात्रें, त्यांचीं नांवें, संगीत आणि या सर्वांमुळें मनांत मागें राहणारा रंग. एक पक्ष म्हणतो, घडण हीच भिंत. बाकी सारी रंगसफेती. दुसरा पक्ष म्हणतो, भिंती कोणाच्याही सारख्याच. घर आठवतें तें अंगणांतल्या चाफ्यामुळें. दोहोंच्याही जवळ पुरावा आहे. अशा वेळीं तर्कापेक्षां इतिहासाची साक्ष काढणें बरें.

पहिली साक्ष १९७२ सालची. राल्फ बेअर या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेंतून निघालेलें ‘ओडिसी’ हें घरगुती खेळयंत्र त्या वर्षीं बाजारांत आलें. त्याला पडद्यावर कांहीं पांढरे ठिपके आणि एक रेघ यांखेरीज कांहींच काढतां येत नसे. आवाज तर मुळींच नव्हता. म्हणून यंत्राबरोबर प्लॅस्टिकचे रंगीत पारदर्शक ताव दिले जात. टेलिव्हिजनच्या कांचेवर एक ताव लावला कीं टेनिसचें मैदान होई. दुसरा लावला कीं भुतांचा वाडा होई. कल्पनेची मोहिनी येथें अक्षरशः वरून चिकटविलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अटारी या कंपनीचा ‘पाँग’ आला. त्यांत चित्र म्हणावें असें कांहींच नव्हतें : दोन फळ्या, मध्यें रेघ आणि एक चेंडू. परंतु ॲलन अल्कॉर्न या रचनाकारानें त्यांत दोन युक्त्या योजल्या होत्या. फळीच्या कोणत्या भागावर चेंडू आदळला त्यावरून त्याची परतीची दिशा ठरे, आणि डाव लांबला तसतसा चेंडूचा वेग वाढे. एवढ्या दोन नियमांनीं खेळांत कसब शिरलें, आणि लोक नाणें टाकून तो पुन्हां पुन्हां खेळूं लागले. पहिला डाव घडणीनें जिंकला असें येथें कबूल केलेंच पाहिजे.

परंतु पुढील सहा-आठ वर्षांतच प्रश्न गुंतागुंतीचा झाला. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्यांत परग्रहावरील शत्रूंच्या रांगा हळूहळू खालीं उतरत येतात, आणि शत्रू कमी होत जातात तसतशी उरलेल्यांची गति वाढते. मौज अशी कीं, हा परिणाम मुळांत योजलेला नव्हता. आकृति कमी उरल्या म्हणजे यंत्राचें काम हलकें होई व तें आपोआप जलद चाले. निशिकादोंनीं तो दोष मानला नाहीं. तोच खेळाचा प्राण म्हणून राखला. बरोबर चार स्वरांचा एक ठेका वाजे व तोही जलद होत जाई. पुढें १९८० सालीं तोरू इवातानी यांच्या ‘पॅक-मॅन’मध्यें चार रंगांचीं चार भुतें आलीं. त्यांतील एक सरळ पाठलाग करतें. दुसरें पुढच्या वळणावर वाट अडवूं पाहतें. चौघांचे नियम निराळे असल्यामुळें त्या रंगीत ठिपक्यांना स्वभाव आले. या दोन्ही खेळांत भीति आणि गंमत वरून लावलेली नाहीं. ती नियमांच्याच पोटीं जन्मली आहे. हा मुद्दा ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचाच उपयोग होणार आहे.

वरून लावलेल्या मोहिनीचें काय होतें, याचें उदाहरण अटारीनेंच घालून दिलें. १९८२ सालीं स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ हा चित्रपट अपूर्व लोकप्रिय झाला. नाताळच्या बाजारासाठीं त्यावर खेळ काढावा असें ठरलें, आणि रचनाकाराला मुदत मिळाली सुमारें पांच आठवड्यांची. नांव जगप्रसिद्ध, नायक बालगोपाळांचा लाडका. परंतु खेळांत वारंवार खड्ड्यांत पडणें आणि पुन्हां वर येणें हेंच नशिबीं येई. माल पडून राहिला. १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो गांवीं अटारीनें आपल्या न खपलेल्या कॅसेटी जमिनींत पुरल्या. २०१४ सालीं ती जागा उकरली तेव्हां त्यांत ‘ई. टी.’च्याही कॅसेटी निघाल्या. अमेरिकेंतील या धंद्याला १९८३ च्या सुमारास जी ओहोटी लागली तिचें कारण हा एकच खेळ नव्हे. निकृष्ट खेळांचा सुकाळ हें खरें कारण. तथापि उसन्या मोहिनीवर पोकळ घडण तरत नाहीं, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

आतां आपण जपानांतील क्योतो नगरीकडे वळूं. तेथें १८८९ सालीं फुसाजिरो यामाऊची यांनीं फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्याचा एक कारखाना काढला. तीच आजची निन्तेन्दो. शंभर वर्षें पूर्ण होण्याच्या आंतच हा पत्त्यांचा कारखाना पडद्यावरील खेळांचा अग्रणी बनला. आणि त्याचें पुष्कळसें श्रेय शिगेरू मियामोतो या कलाविद्यालयांतून आलेल्या तरुणाकडे जातें. अमेरिकेंत पडून राहिलेल्या जुन्या यंत्रांना नवा खेळ बसवून तीं खपवावयाचीं, असें काम त्यांच्याकडे आलें. त्यांतून १९८१ सालीं ‘डाँकी काँग’ निर्माण झाला : एक वानर, एक पळविलेली तरुणी आणि तिला सोडवावयास शिड्या चढणारा एक बुटका सुतार. हाच सुतार पुढें मारिओ या नांवानें जगाला ठाऊक झाला.

या मारिओचें रूप न्याहाळण्यासारखें आहे. त्याच्या डोक्यावर टोपी आहे, कारण एवढ्याशा चौकोनांत केस काढणें व ते उडीबरोबर हलविणें कठीण. त्याला भरघोस मिशा आहेत, कारण नाक आणि तोंड यांमधील सीमा दाखविण्यास दुसरी सोय नव्हती. त्याचा पोषाख दोन रंगांचा आहे, कारण त्यामुळें हात पुढेंमागें होतांना स्पष्ट दिसतात. ज्याला आपण पात्राचें लावण्य म्हणतों तें येथें खेळण्याच्या सोयींतून उद्‌भवलें आहे. असा हा नायक १९८५ सालीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्यें अवतरला, आणि त्या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या.

त्या खेळाचा आरंभच पाहा. नायक डावीकडे उभा. उजवीकडे मोकळी वाट. कोणी सूचना देत नाहीं. थोडें पुढें जावें तों एक बुटका शत्रू समोरून चालत येतो. त्याला स्पर्श झाला कीं मरण. पण चारच पावलें पुन्हां चालावीं लागतात, म्हणून तें जिवाला लागत नाहीं. दुसऱ्या वेळीं मूल उडी मारतें, शत्रू चिरडला जातो. डोक्यावरच्या विटेला धडक बसली तर एक अळंबें बाहेर पडतें, घसरत जाऊन नळावर आपटतें आणि उलटें फिरून खेळणाऱ्याकडेच येतें. तें टाळणेंही कठीण. तें अंगाला लागतांच नायक मोठा होतो! अर्ध्या मिनिटांत, एका अक्षराशिवाय, मुलाला त्या जगाचा कायदा कळतो. आणि हें सारें जग मावलें होतें अवघ्या ४० किलोबाइट जागेंत. आज मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रही याहून कितीतरी मोठें असतें. जागेच्या टंचाईमुळें आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप यांची आकृति एकच ठेवली होती, रंग तेवढा निराळा. तरी कोट्यवधि मुलांना तेथें आकाशही दिसलें आणि रानही दिसलें.

याच मालिकेंत आपल्या वादाची जणूं मुद्दाम घेतलेली परीक्षा घडून आली. दुसरा भाग जपानांत १९८६ सालीं निघाला तो फारच अवघड होता. अमेरिकेंतील शाखेला तो तेथील लोकांसाठीं योग्य वाटला नाहीं. तेव्हां निन्तेन्दोनें आपलाच ‘डोकी डोकी पॅनिक’ हा १९८७ सालचा निराळा खेळ घेतला, त्यांतील अरबी वेषाचीं पात्रें काढून तेथें मारिओ आणि त्याची मंडळी बसविली, आणि कांहीं फेरफार करून १९८८ सालीं तो मारिओचा दुसरा भाग म्हणून विकला. त्यांत शत्रूला उडीनें चिरडतां येत नव्हतें. जमिनींतून भाज्या उपटून त्या फेंकून मारावयाच्या होत्या. म्हणजे नियम निराळे, मुखवटे ओळखीचे. लोकांनीं तो आनंदानें स्वीकारला. इतकेंच नव्हे, त्यांतील कांहीं परकी पात्रें पुढें मारिओच्या कुटुंबांत कायमचीं रुळलीं. मोहिनीचा पक्ष म्हणेल, पाहा, नांवानें काम भागलें. परंतु घडणीचा पक्षही निरुत्तर होत नाहीं, कारण मूळचा तो खेळही मियामोतो यांच्याच मंडळींनीं रचलेला, उत्तम घडणीचा होता.

केवळ घडणीच्या बाजूनें सर्वांत भारी साक्षीदार कोणता, असें विचारल्यास ‘टेट्रिस’चें नांव घ्यावें लागेल. मास्को येथील विज्ञान अकादमीच्या गणनकेंद्रांत ॲलेक्सी पाजित्नोव यांनीं १९८४ सालीं तो रचला. ज्या यंत्रावर रचला त्याला चित्रें काढतांच येत नव्हतीं. तेव्हां कंसांच्या चिन्हांनीं त्यांनीं चौकोन दाखविले. वरून पडणारे तुकडे नीट बसवावयाचे, एवढाच काय तो खेळ. नायक नाहीं, कथा नाहीं, राज्य नाहीं. तरी तो अजून जुना झाला नाहीं. परंतु पश्चिमेंत तो विकला गेला तेव्हां वेष्टनावर मास्कोच्या घुमटांचें चित्र छापलें गेलें, आणि १९८९ सालच्या गेम बॉय यंत्रावर त्याला रशियन लोकगीताची चाल मिळाली. आज तो तुकड्यांइतकाच त्या चालीनेंही ओळखला जातो. शिवाय टेट्रिस टिकला तो एकच खेळ म्हणून. मालिका म्हणून त्याला वाढ फारशी नाहीं. सारीपाट टिकतो तसा तो टिकतो. नव्या भागाची वाट पाहणारा वाचकवर्ग कादंबरीला असतो, सारीपाटाला नसतो. आणि आपला प्रश्न तर मालिकांविषयींचा आहे.

जपानांतील दोन प्रसिद्ध साहसमालिकांनीं या प्रश्नाला अगदीं उलट उत्तरें दिलीं आहेत. युजी होरी यांची ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ सालीं सुरू झाली. तिला अकिरा तोरियामा यांची चित्रकला आणि कोइची सुगियामा यांचें संगीत लाभलें. तिनें खेळण्याची मूळ रीत फार जपून, थोडथोडीच बदलली. भाविकाला पूजेचा क्रम बदललेला रुचत नाहीं, तशांतला हा प्रकार. उलट हिरोनोबू साकागुची यांची १९८७ सालीं निघालेली ‘फायनल फँटसी’ प्रत्येक मोठ्या भागांत जग बदलते, पात्रें बदलते, लढण्याचे नियमही बदलते. मग तिच्यांत टिकतें तें काय? कांहीं नांवें, कांहीं प्राणी, कांहीं सूर आणि भव्य करुण कथेची अपेक्षा. म्हणजे येथें धागा मोहिनीचाच. परंतु त्या धाग्याचीही ताकद किती हें २००१ सालीं दिसून आलें. त्याच नांवाचा एक खर्चिक चित्रपट स्वतः साकागुचींनीं काढला. त्यांत खेळणें नव्हतें आणि ओळखीचें जगही नव्हतें. तो सपाटून आपटला.

मोहिनीच्या पक्षाचा हुकमी एक्का म्हणजे ‘पोकेमॉन’. सातोशी ताजिरी यांना बाळपणीं किडे पकडण्याचा नाद होता. शहर वाढत गेलें तसतशीं शेतें व तळीं नाहींशीं झालीं. तो हरवलेला छंद शहरी मुलांना परत द्यावा या इच्छेंतून १९९६ सालीं हा खेळ निघाला. त्यांत १५१ जातींचे प्राणी होते. परंतु खेळ दोन आवृत्तींत विकला गेला, आणि कांहीं प्राणी एकीत तर कांहीं दुसरीत. संग्रह पुरा करावयाचा तर मित्राच्या यंत्राला तार जोडून देवाणघेवाण करणें भागच पडे. ही घडणीची युक्ति खरी. पण ती फळाला आली ती प्राण्यांच्या रूपांमुळें आणि नांवांमुळें. आज त्या जाती हजारावर गेल्या आहेत. २०२२ सालच्या भागांत तांत्रिक दोष इतके होते कीं पुढें निन्तेन्दोला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तरी पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. साठविलेली माया किती काळ पुरते याचें हें उदाहरण. ती कायम पुरेल असा मात्र त्यावरून निष्कर्ष काढतां येत नाहीं.

दोन्ही पक्षांचा समेट मला दिसतो तो ‘झेल्डा’च्या मालिकेंत. मियामोतो यांचें बाळपण क्योतोजवळील सोनोबे येथें गेलें. डोंगरांत भटकतांना सांपडलेल्या गुहेंत दिवा घेऊन शिरण्याचा जो थरार, तोच १९८६ सालच्या पहिल्या झेल्डाचें बीज ठरला. १९९८ सालीं ही मालिका त्रिमितींत गेली तेव्हां एक अवघड प्रश्न उभा राहिला. चहूंकडे फिरतां येणाऱ्या जगांत शत्रूवर नजर स्थिर कशी ठेवावयाची? रचनाकारांनीं एक कळ दाबली कीं दृष्टि एका शत्रूवर खिळून राहील अशी योजना केली. पण कोणता शत्रू निवडला गेला, हें दाखवावयास खूण हवी. साधा बाण दाखवून भागलें असतें. त्यांनीं त्या खुणेची परी केली, तिला नांव दिलें, नायकाची सखी केली, आणि तिच्याभोंवतीं कथा विणली. सोयीची खूण कथेंतलें पात्र झाली. २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या भागासाठींही त्यांनीं नवे नियम आधीं जुन्या झेल्डासारख्या सपाट, साध्या चित्रांत तपासून पाहिले, आणि मगच गवत, वारा, पाऊस व डोंगर यांचें तें विस्तीर्ण जग उभें केलें. तेथें गवत पेटतें, ज्वाळेमुळें ऊर्ध्वगामी वारा सुटतो, आणि त्या वाऱ्यावर नायक तरंगत वर जातो. हें दृश्य सुंदर आहे म्हणावें, कीं नियम चतुर आहे म्हणावें? दोन्ही वेगळे काढतां येत नाहींत.

हा अनुभव आपल्याला अगदींच परका नाहीं. आपल्याकडील मोक्षपटांत शिड्या पुण्याच्या आणि साप पापांचे. वरच्या टोकाला मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पट इंग्लंडांत गेला, तेव्हां मोक्ष गळाला व शिड्या-साप उरले. फाशांचा नियम तोच, भाव मात्र निराळा. बुद्धिबळाची गति याच्या उलट. आपला उंट युरोपांत धर्मगुरु झाला, वजिराची राणी झाली. आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटभर धांवण्याचें सामर्थ्य मिळालें, तेव्हां डावाचा वेगच पालटला. तरी आपण अजून राजाला शह देतों. चौकटीला देत नाहीं. रणांगणाची ती कल्पना विरत विरत गेली, पण अजून पुरती पुसली नाहीं.

असो. या साऱ्या साक्षींवरून माझा निर्णय असा. अग्रमान घडणीचा, तिच्याशिवाय पहिला भागच उभा राहत नाहीं. खेळणारा उद्यां परत येतो तो घडणीमुळें. परंतु तो दहा वर्षांनीं, नवें यंत्र विकत घेऊन परत येतो तो मोहिनीमुळें, कारण मधल्या काळांत घडण बदललेली असते. १९९६ साली मारिओ त्रिमितींत गेला तेव्हां हाताला लागलेली जुनी संवय निरुपयोगी झाली. ओळखीचा उरला तो नायक आणि त्याची उडी. त्या ओळखीचा हात धरूनच लोकांनीं नवी रीत आत्मसात केली. मात्र हा हात धरवण्याची शक्ति प्रत्येक मोहिनींत नसते. ओडिसीचे ताव आणि ‘ई. टी.’चें नांव वरून चिकटविलेलें होतें, तें गळून पडलें. मारिओच्या मिशा, पॅक-मॅनचीं भुतें आणि झेल्डाची परी नियमांच्या गरजेंतून उगवलीं, तीं टिकलीं. घडणींतून फुटलेली मोहिनीच मालिकेला आयुष्य देते.

हा वाद केवळ रसिकांच्या करमणुकीचा नाहीं. अमेरिकेंतील खेळांच्या इतिहासाचें जतन करणाऱ्या एका संस्थेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत मिळतच नाहींत. त्यांचीं चित्रें राहतील, गाणीं राहतील, बाहुल्या राहतील; म्हणजे मोहिनीचा अवशेष राहील. परंतु ज्या घडणींतून ती मोहिनी निघाली ती केवळ पाहून कळत नाहीं. ती हातानें खेळूनच कळते. जुन्या नाटकाची संहिता वाचतां येते, जुन्या गायकाची ध्वनिमुद्रिका ऐकतां येते. न चालणाऱ्या खेळाचें मात्र नुसतें वर्णन उरतें. तेव्हां आपल्या घरांत कपाटाच्या तळाशीं एखादें जुनें खेळयंत्र व दोन-चार कॅसेटी पडलेल्या असल्या, तर त्या भंगारांत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि शक्य असल्यास घरांतल्या लहान मुलाच्या हातीं त्या एकदां द्याव्या, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.